माळवदावरचं गवत

भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला आणि वरून माती पडली, ती थेट आमटीत. पडली चिमूटभरच, पण पांढरीफेक.

"आई, माळवद गळतंय गं."

"पाऊस जाऊन महिना झाला. कशाचं गळतंय?"

"माती गळतीय."

आईने माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलं, आमटी मोरीत ओतली आणि दुसरी वाढली. "उंदीर असंल," ती म्हणाली. वर मात्र तिने पाहिलं नाही. त्या घरात त्या वर्षी वर कुणीच पाहत नव्हतं.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आठवा सरत आला होता, पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं. उभ्याने वावरणाऱ्या माणसाचं लक्ष चुलीकडे, दाराकडे, गुराकडे असतं. मला मात्र मधल्या घरात पडल्या पडल्या दिवसभर एकच देखावा होता, तो म्हणजे डोक्यावरची तुळई. आठ दिवसांत मला तिची एकेक गाठ पाठ झाली. म्हणून तर सगळ्यांच्या आधी मला दिसलं की तुळईला पोट आलंय. माझ्यासारखंच, मधोमध, खालच्या अंगाला. आणि पोटावरून एक बारीक चीर भिंतीकडे निघाली होती.

आमच्या बालाघाटाकडच्या घरांना तेव्हा कौलं नसत. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि त्याच्यावर थापलेली माती, हेच आमचं माळवद. पाऊस तोंडावर आला की दर वर्षी नवी पांढरी माती आणून वर पसरायची, म्हणजे गळत नाही. जुनी उतरवायची मात्र कुणाला बुद्धी होत नसे. पणजोबांच्या मातीवर आजोबांची माती, तिच्यावर अण्णांची. त्यात त्या वर्षी पोरगी पहिल्या बाळंतपणाला येणार, बाळंतिणीच्या अंगावर थेंब पडता कामा नये, म्हणून आईने अण्णांच्या मागे भुणभुण लावून मधल्या घरावर दुप्पट पांढरी टाकून घेतली होती. पावसाळाभर ती माती पाणी प्यायली आणि जड होऊन बसली. आईची माया अशी माझ्या डोक्यावर बसली होती.

दुपारी अण्णा जेवायला आले तेव्हा मी त्यांना बोटाने दाखवलं. अण्णांनी काठीने तुळई ठोकून बघितली. भक्क असा आवाज आला, भिजल्या पोत्यावर मारावं तसा. वरून पुन्हा माती सांडली. 

"पडंल का हो, अण्णा?"

"पडंल कशानं? माझ्या आज्यानं घातलीया," असं म्हणाले खरे, पण जाताना माझं अंथरूण त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीकडे सरकवून घेतलं.

त्याच आठवड्यात एक दिवस भर दुपारी कडकन् आवाज झाला. कुणी जळण मोडावं तसा. मी पोटावर दोन्ही हात धरून उठून बसले.  चीर आता बोट शिरेल एवढी झाली होती.

संध्याकाळी सोप्यात बैठक बसली. बैठक म्हणजे काय, अण्णा, आई, मी आणि केवळवैनी. वैनीचा नवरा, माझा भाऊ ज्ञानोबा, फौजेत होता, तेव्हा घरात पुरुष म्हणून एकटे अण्णाच.

"माती उतरवावी लागंल," अण्णा खाली बघत म्हणाले. "थंडी पडायच्या आत. एकदा का बाळंतीण मधल्या घरात बसली, की मग काय करता यायचं न्हाई."

"पोटुशी हाय घरात," आई म्हणाली. "घराला कुदळ लावत्यात व्हय? पोटातल्या लेकराला खोट यिती."

"मग टेकू तरी दिऊ. एक खांब."

"खांबाला खड्डा लागतोय. वर पाचर ठोकाया लागती."

"मंग हिला सोप्यात निजवा."

"सोप्याला तिसरी भिंत न्हाई. पौषाचा वारा अंगावर घिऊन वल्ली बाळंतीण निजवू? त्यापेक्षा घाटात निऊन ठिवा की तिला!"

"शेजारी—"

"बाळंतपणाला आपलं घर कोण देतं? तुमी दिलं आस्तं का?"

आईला कुणी बोलण्यात धरू शकत नसे. सासरी परत पाठवायचं तरी ओटी भरून आणलेली पोर, लोक तोंडात शेण घालतील. आणि मी घराबाहेर गेले म्हणून घराला हात लावायची मोकळीक होते असंही नव्हतं. त्याचा पडताळा आमच्याच घरात आला होता, आणि तो पडताळा दाराशी बसून मुकाट्याने शेंगा फोडत होता.

अण्णा इतका वेळ आईशी बोलत होते. आता त्यांनी मान वळवून केवळवैनीकडे पाहिलं. "केवळ, तू काय म्हंतीस?"

वैनीने हातातली शेंग सुपात टाकली, सूप बाजूला सारलं आणि उठून आत गेली. तिच्या त्या उठण्यावर बैठक संपली. 

दोन वर्षांपूर्वी वैनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मधलं घर काळोखं, त्यात धूर कोंडायचा. सून लेकरू घेऊन येईल, त्याचे डोळे चुरचुरतील म्हणून अण्णांनी हौसेने मागच्या भिंतीला खिडकी पाडली. स्वतः पाडली, गवंडीसुद्धा बोलावला नाही. तिकडे वैनीला मुलगा झाला तो दुभंगल्या ओठाचा. टाळूसुद्धा उघडी होती. त्याला दूध ओढता येईना. वाटीने पाजायला गेलं की नाकातून यायचं. आता म्हणे असल्या ओठांना डॉक्टर टाके घालतात आणि पोरं शाळेत जातात. आम्हाला तेव्हा हे कोण सांगणार? तीन आठवडे ते लेकरू भुकेने रडलं आणि मग रडायचं थांबलं.

वैनी परत आली त्या दिवशी आईने खिडकीकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी ती दगडमातीने बुजवली. तेव्हापासून त्यांनी घराला हात म्हणून लावला नव्हता. दाराची कडी निघाली तरी सुतळीने बांधून ठेवत. दर वर्षीची माती पसरायलासुद्धा ते माणूस लावत.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी वैनी माझी वेणी घालायला बसली. बोटं मऊ होती तिची. तेल जिरवता जिरवता ती एकदम म्हणाली, "वन्सं, माझ्यावर राग धरू नगा."

"राग कशाचा, वैनी?"

"मला कळतंय, तुमी जीव मुठीत धरून पडलाय. पर घराला हात लावू दिऊ नगा. तुमचं लेकरू धड यावं म्हून सांगती." तिने केसांचे तीन पेड केले. मग आवाज खाली आला. "ते गेलं तवा आमच्या म्हायेरात पयल्यांदा माझ्याकडंच बगत हुते समदे. हिनं काय खाल्लं, हिच्या कुळात काय हाय, हिच्या कुशीलाच खोट हाय म्हून. माझी सख्खी आई बोलली. आत्याबाईंनी खिडकीकडं बोट दावलं, तवा कुठं लोकांची बोटं फिरली. तवापासनं मी जेवाय लागले. खरं सांगती, त्याच्या आदी मला घास जात नव्हता."

  माझे केस तिच्या हातात होते आणि डोक्यावर ती तुळई. खाली राहावं तर माळवद बसेल, माळवद हलवावं तर पोटातलं बिघडेल. कुणाकडे बघून रडावं तेसुद्धा कळत नव्हतं. सकाळी उठले की आधी चीर बघायची आणि मग पोटात हालचाल होतेय का ते बघायचं, असे माझे दिवस चालले होते.

दिवाळी झाली. सकाळी चुलीपाशी सरकून बसावंसं वाटू लागलं. एके दिवशी आई आणि वैनी खुरपायला शेतावर गेल्या. अण्णा माझ्या सोबतीला मागे राहिले होते. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. मग काहीतरी उपटल्यासारखा. मग मागच्या परड्यात धप्प.

"अण्णा!"

आवाज थांबला. माळवदाला उजेडासाठी एक भोक असतं, त्याला आमच्याकडे सानं म्हणतात. त्या सान्यातून अण्णांचं डोकं खाली आलं. मुंडासं सुटलेलं, मिशीवर माती.

"काय गं?"

"काय करताय?"

"गवत काढतुया. पावसाचं उगावलंय की गुडघ्याएवढं. दर साली दसऱ्यानंतर काढतंच आस्त्यात. गवत काडणं म्हंजी काय कुदळ लावणं न्हवं."

"धप्प काय वाजलं?"

अण्णांनी जरा विचार केला. "मुळाला थोडी माती येती," ते म्हणाले.

थोडी! मी मागच्या दारापर्यंत हळूहळू चालत गेले आणि परड्याकडे डोकावले. एकेका काडीच्या मुळाला घमेलंभर ढेकूळ होतं. अण्णा खुरप्याने गवताच्या भोवती गोल कापत, दोन्ही हातांनी ढेकूळ उचलत आणि खाली टाकत. नंतर उतरून सगळं उकिरड्यावर नेत आणि वर शेण पसरत. कुठलं गवत एवढ्या मुळांचं असतं? पण त्यांचं तोंड असं गंभीर होतं की जणू खरंच गवतच काढताहेत. स्वतःलाही त्यांनी तसंच बजावलं असणार.

मला हसू आलं, आणि हसता हसता पोटात कळ आल्यासारखं झालं. लगेच अंगावर काटा आला. हाच तो, मी मनात म्हटलं, हाच तो हात. याच हाताने खिडकी पाडली होती. मी परत येऊन अंथरुणावर पडले. वर खर्र झालं की मी पोटावर हात ठेवायची आणि मनातल्या मनात लेकराच्या ओठांना जपायची. अण्णा, थांबा, असं शंभरदा ओठांवर आलं. वर चिरेकडे पाहिलं की ते शब्द परत जात. मी थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते. मी चालू ठेवा म्हटलं असतं तर त्यांना धीर आला असता. मी दोन्ही म्हटलं नाही.

हे रोज चालू राहिलं. त्या दोघी शेताला गेल्या की अण्णा माळवदावर. माझ्या अंगावर माती पडायची, ती मी त्या परतायच्या आत झाडून घ्यायची. हळूहळू माती पडणं कमी झालं. चीर तेवढीच राहिली, पण पुढे सरकेना.

एका संध्याकाळी वैनी लवकर आली. अण्णा अजून वरच होते. तिने अंगणात उभं राहून वर पाहिलं आणि मग आत माझ्याकडे आली.

"मामंजी वर काय करत्यात?"

ती माझ्या अगदी समोर बसली होती. तिच्या डोळ्यांत अशी भीती होती की मला वाटलं, खरं सांगितलं तर ही इथेच कोसळेल. माझ्या लेकराच्या भीतीनेच ती कोसळली असती, हे मला आजही माहीत आहे. मन वाईट नव्हतं तिचं.

"गवत काढत्यात, वैनी," मी म्हणाले.

"हातानं का कशानं?"

"हातानं."

तिने मोठा श्वास सोडला आणि चूल पेटवायला गेली.

आई आली तेव्हा अण्णा खाली उतरत होते, कोपरापर्यंत पांढरे झालेले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, उकिरड्याकडे पाहिलं. उकिरडा पुरुषभर उंच झाला होता आणि कडेने पांढरा दिसत होता. मी श्वास धरून बसले. आता घर डोक्यावर घेणार असं वाटलं. "धोतर बगा जरा," आई म्हणाली. "धुयाचं कुणी?" आणि दुसऱ्या दिवशी वैनीला घेऊन ती नेहमीपेक्षा लवकर शेताला गेली. तिला कळलं होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायची सोय नव्हती.

मार्गशीर्षात, गारठ्याच्या एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. सुईण आली, शेगडी पेटली. मी त्याच तुळईखाली होते. एकेक कळ आली की मला वाटायचं, एक तर हे वरून पडेल नाहीतर खालून काहीतरी तुटकं बाहेर येईल. ओरडतानासुद्धा माझे डोळे वर लागलेले होते. आई म्हणत होती, "डोळं मीट, डोळं मीट." मला मिटवेनात.

पोरगी झाली. रडली ती खणखणीत. सुईणीने नाळ कापायच्या आधीच वैनी पुढे झाली. तिने लेकराची हनुवटी धरली, ओठांवरून बोट फिरवलं, मग बोट तोंडात घालून टाळू चाचपली.  आणि मग ती फतकल मारून बसली आणि हसत रडायला लागली.

"आत्याबाई, धड हाय! बगा, धड हाय! घराला हात लावला न्हाई म्हून!" ती मला म्हणाली, "बगितलं का, वन्सं? मी काय म्हनत हुते?"

आईने तिला जवळ घेतलं. "व्हय बाई," ती म्हणाली. "व्हय."

मी पोरीला छातीशी धरलं. ती चुटूचुटू दूध ओढायला लागली. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदातच माझ्या मनात एक हिशेब आपोआप जुळत गेला. 

बारसं झाल्यावर अण्णा पोरीला बघायला मधल्या घरात आले. तिला त्यांनी मांडीवर घेतलं. मातीने फुटलेल्या त्या बोटांनी गालाला स्पर्श करायलाही ते कचरत होते. आई बाहेर होती. वैनी न्हाणीत माझ्यासाठी पाणी तापवत होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

मी हळूच म्हणाले, "अण्णा, निम्मं माळवद उतरवलंत तुमी."

"गवत काढलं."

"अण्णा, ऐका की. एवढी माती काढली, तरी पोरगी धड आली. म्हंजी त्या खिडकीचं काय नव्हतं. तुमचं काय नव्हतं त्यात."

मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. दोन वर्षं हा माणूस सुनेच्या समोर बसून जेवला नव्हता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे आधीच कळून चुकलं होतं, पोरीचं पहिलं रडणं बाहेरून ऐकलं तेव्हाच. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी न्हाणीकडे पाहिलं.

"माझं न्हाई, तर मग कुणाचं?" ते म्हणाले.

न्हाणीत पुन्हा बांगड्या वाजल्या.

"खिडकी मी पाडली," अण्णा अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "ते प्वार माज्यामुळं गेलं. कळलं? आनी माळवदाला कुणी हात लावला न्हाई. तुझ्या लेकराची आण हाय तुला."

त्यांनी पोरगी माझ्याकडे दिली आणि ते उठून गेले.

फाल्गुनात मी सासरी गेल्यावर अण्णांनी ते माळवद उघड उघड उतरवलं आणि तुळई बदलली. वैनीला पुढे मूल झालं नाही. ज्ञानोबा फौजेतून आला, शेती बघू लागला, दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांना त्याने दारात उभं केलं नाही. वैनीने घर नेटाने सांभाळलं. फक्त कधी मन भरून आलं, कुणाच्या बारशाला जाऊन आली, की ती भांडी आपटत म्हणायची, "मामंजींनी तेवढी खिडकी पाडली नसती तर." अण्णा ओसरीवर बसून ते ऐकत आणि म्हणत, "खरं हाय, बाई. माझं चुकलं." मी माहेरी असले तर माझी नजर चुकवत.

अण्णा गेले ते म्हातारे होऊन, अंथरुणात. शेवटचे सहा महिने वैनीनेच त्यांचं सगळं केलं. मी पोहोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. दहाव्याला नदीवरून परतताना वैनी माझ्या बरोबरीने चालत होती. मध्येच ती थांबली आणि तिने माझा हात धरला.

"शेवटाला पाणी पाजलं तवा मी त्यांच्या कानात सांगितलं, वन्सं. म्हणलं, मामंजी, खिडकीचं मी मनातनं काढून टाकलं. तुमाला माफ केलं." तिने पदराने डोळे पुसले. "हसले वो. हात जोडले मला."

मी तिच्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते तिचे. चेहरा शांत होता.

"बरं केलंत, वैनी," मी म्हणाले.